समुद्रात तेल सांडलं आणि कराडात मासळी पडून राहिली: बहिष्कार, भरपाई आणि पुरावा

कराडच्या एका तरुणाने विचारलंय, थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. २०२५ च्या मे महिन्यात केरळजवळ कंटेनरचं जहाज बुडालं, तेल आणि केमिकल समुद्रात गेल्याच्या बातम्या आल्या. त्यांनी रागानं जहाज कंपनीविरुद्ध पोस्ट टाकल्या, बहिष्काराचे मेसेज पुढं पाठवले, आणि त्याच आठवड्यात "समुद्राची मासळी खाऊ नका, विष आहे" असे मेसेज फिरायला लागले आणि त्यांच्या मामांचं कराडातलं मासळीचं दुकान जवळजवळ महिनाभर बसलं. त्यांचं विचारणं असं की आपल्यासारख्या लांबच्या माणसांच्या रागानं कंपनीला काही फरक पडतो का, आणि मामांना भरपाई मागता येते का.

मी मूळचा मिरजेचा. केमिस्ट्री करून मुंबईला गेलो आणि १८ वर्षं सर्व्हेअरच्या ऑफिसात काम केलं. म्हणजे कुठं तेलगळती झाली की किनाऱ्यावर जायचं, सॅम्पल घ्यायची, आणि नंतर मच्छीमार, बागायतदार, हॉटेलवाले जे नुकसानीचे दावे टाकतात ते कागदाला कागद लावून तपासायचे. आता सांगलीत असतो. तेव्हा जे सांगतोय ते बरंचसं स्वतः बघितलेलं आहे.

तुमचे प्रश्न दोन दिसतात पण मला ते एकच वाटतात. राग खरा होता, नुकसान पण खरं होतं, फक्त त्या रागातला बराचसा भाग फिरून तुमच्याच मामांच्या गल्ल्यावर येऊन पडला. हे तुमच्याच बाबतीत झालं असं नाही, प्रत्येक गळतीत हेच होतं.

आधी त्या जहाजाचं बघू. एमएससी एल्सा-३, २५ मे २०२५ ला कोचीच्या समोर समुद्रात बुडालं. ६४० कंटेनर होते, त्यातले १३ धोकादायक मालाचे आणि त्यातल्या १२ मध्ये कॅल्शियम कार्बाइड. टाक्यांत साधारण ८४ टन डिझेल आणि ३६७ टन फर्नेस ऑइल. किनाऱ्यावर लोकांना दिसलं ते मात्र मुख्यतः प्लॅस्टिकचे बारीक पांढरे दाणे, साबुदाण्यासारखे, तिरुअनंतपुरमपर्यंतच्या वाळूत पसरलेले. केरळ सरकारनं ते राज्य आपत्ती जाहीर केलं, हायकोर्टात ९,५३१ कोटींचा दावा टाकला आणि त्याच कंपनीचं दुसरं जहाज कोर्टाच्या हुकमानं केरळातल्याच विळिंजम बंदरात अडकवून ठेवलं. हे अडकवून ठेवणं फार महत्त्वाचं असतं बरं का, कारण बुडालेलं जहाज कुणाच्या कामाचं नसतं, आणि मालकाचं चालू जहाज बंदरात बांधून ठेवलं की मगच समोरचा सिक्युरिटी, म्हणजे भरपाईच्या पैशाची हमी, भरायच्या गोष्टी करतो.

आता मामांच्या दुकानात जूनमध्ये मासळी होती ती कुठली असणार ते बघा. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी, केरळात ९ जूनपासून ट्रॉलर बंद. म्हणजे कराडला त्या दिवसांत जे येतं ते एकतर बंदीच्या आधीचं बर्फातलं, फ्रीजरमधलं, नाहीतर जूनच्या मध्यानंतर पूर्व किनाऱ्यावरून आलेलं, कारण तिकडची बंदी १४ जूनला संपते. ज्या पाण्यात तेल सांडलं तिथली मासळी मामांच्या टोपलीत असण्याची शक्यता फार कमी होती. पण मेसेज वाचणारा हे बघत नाही, तो फक्त "समुद्र" एवढा शब्द वाचतो आणि चिकन घेऊन घरी जातो.

तेलगळतीनंतर मासे खायचे की नाही याचं सरसकट उत्तर नसतं, तेल कुठलं, किती, खाडी की उघडा समुद्र यावर ते ठरतं. पण मी घरच्यांना जे सांगतो ते सांगतो. पोहणारा मासा बहुतेक वेळा तेलापासून लांब जातो आणि शरीरात गेलेले तेलातले विषारी घटक त्याचं यकृत बऱ्यापैकी मोडून बाहेर टाकतं. कालवं, तिसऱ्या, शिंपले यांना ते जमत नाही, ते जागचे हलत नाहीत, दिवसभर पाणी गाळत बसतात आणि जे येईल ते साठवतात. म्हणून तेल लागलेल्या खाडीतली कालवं लॅबचा रिपोर्ट येईपर्यंत खायची नाहीत, आणि कुठल्याही मासळीला रॉकेलसारखा वास आला तर ती टाकून द्यायची. एवढं नीट लिहिलेला एक मेसेज फिरला असता तर कराड, सांगली, कोल्हापूरच्या किती विक्रेत्यांचा महिना वाचला असता.

बहिष्काराचं पण असंच होतं. २० एप्रिल २०१० ला अमेरिकेत मेक्सिकोच्या आखातात बीपी या तेल कंपनीसाठी विहीर खोदणाऱ्या डीपवॉटर होरायझन या तरंगत्या फलाटावर स्फोट झाला आणि विहीर फुटली, ११ कामगार गेले, ८७ दिवस तेल वाहत होतं. लोकांनी बीपीच्या पंपांवर बहिष्कार टाकला, पंपांसमोर निदर्शनं केली. पण तिकडचे ते पंप बहुतांशी स्थानिक मालकांचे, कंपनीचं नुसतं नाव आणि रंग. आपल्याकडं कंपनीच्या बोर्डाखाली पंप कुणीतरी गावचाच माणूस चालवतो तसंच. मार बसला त्या पंपवाल्यांना. कंपनीला खरा हादरा बसला तो शेअर निम्म्याच्या खाली घसरला तेव्हा, २० अब्ज डॉलरचा भरपाई निधी बाजूला काढायला लागला तेव्हा, आणि पुढं २०१५ मध्ये सरकार आणि पाच राज्यांबरोबर २०.८ अब्ज डॉलरची तडजोड झाली तेव्हा. त्या आकड्यांच्या मागं किनाऱ्यावरच्या माणसांनी, शास्त्रज्ञांनी गोळा केलेली सॅम्पलं, मोजलेले मेलेले पक्षी, जाळी बंद पडल्याच्या नोंदी होत्या.

म्हणजे रागाचा उपयोग नाही असं मी अजिबात म्हणत नाही. जानेवारी १९६९ मध्ये कॅलिफोर्नियात सांता बार्बराच्या समोर तेलविहीर फुटली, तेलात बुडालेल्या पक्ष्यांचे फोटो घराघरांत गेले आणि वर्षाच्या आत अमेरिकेत पर्यावरणाचा मोठा कायदा झाला. २४ मार्च १९८९ ला अलास्कात एक्झॉन वाल्डेझ जहाज खडकावर चढलं तेव्हा लोकांनी एक्झॉनची क्रेडिट कार्डं कापून कंपनीला पाठवली होती. त्या कार्डांनी कंपनी काय बुडाली नाही, पण तोच राग संसदेपर्यंत गेला आणि १९९० च्या कायद्यानं तेलवाहू जहाजांना दुहेरी कवचाची (डबल हल) सक्ती झाली, आज जगभर ती पद्धत आहे. आणि त्याच प्रकरणात वाईट काय झालं तेही ऐका: मच्छीमारांना १९९४ मध्ये ज्युरीनं ५ अब्ज डॉलर दंडात्मक भरपाई दिली, कंपनी अपिलावर अपील करत राहिली आणि २००८ मध्ये सुप्रीम कोर्टात तो आकडा जवळजवळ ५० कोटी डॉलरवर आला. १९ वर्षं. कित्येक दावेदार तोवर वारले. राग इतकी वर्षं टिकत नाही, कागद टिकतो.

आता मी जे डोळ्यांनी बघितलं ते. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराच्या बाहेर एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ ही जहाजं धडकली, सुमारे ८०० टन तेल गेलं, कंटेनर पाण्यात पडले. आठवड्याभरात मी उरणच्या बाजूला तिवरांत उभा होतो. तिवराची श्वासमुळं तुम्ही बघितली नसतील तर सांगतो, चिखलातून पेन्सिली उलट्या रोवल्यासारखी वर आलेली असतात, त्यांच्यावरच्या बारीक छिद्रांतून झाड श्वास घेतं. भरतीनं तेल आणलं आणि ओहोटी लागल्यावर त्या प्रत्येक पेन्सिलीवर काळा, मधासारखा घट्ट थर ठेवून गेली. हात लावला की बोटाला चिकटायचा आणि साबणानं जायचा नाही. ते धुवायला जावं तर पायाखाली तेल चिखलात अजून खोल दाबलं जातं, म्हणून कित्येक ठिकाणी काहीच न करणं हाच बरा उपाय असतो. हे तिथल्या लोकांना समजावणं महाकठीण, त्यांना वाटतं साहेब लोक हात बांधून उभे आहेत.

नारळी पौर्णिमा तोंडावर होती. म्हणजे वर्षाचा धंदा सुरू व्हायची वेळ, आणि मुंबईत लोकांनी मासळी घेणं थांबवलं होतं. मी ज्यांच्याशी बोललो त्यात दोन मासे विकणाऱ्या बायका होत्या, एकाच आळीतल्या. पहिलीला विचारलं, मावशी रोजचा धंदा किती व्हायचा, ती म्हणाली होतो की भरपूर, कधी हजार कधी दोन हजार. मागच्या ऑगस्टमध्ये किती झाला होता? ते कसं सांगू बाबा. नुकसान तिचं डोळ्यांसमोर दिसत होतं, टोपली भरलेली, बर्फ वितळून पाणी झालेलं, पण कागदावर मांडायला एक आकडा नव्हता. दुसरीच्या भिंतीवर कालनिर्णय होतं. तिची मुलगी शाळेत जायची, ती रोज रात्री आईला विचारून त्या तारखेच्या चौकोनात पेनानं रक्कम लिहायची, दुधाचे खाडे लिहितात ना तसं. मागच्या वर्षीचं कॅलेंडर पण खिळ्याला मागंच लटकत होतं. मी दोन्हींचे फोटो काढले, ऑगस्टच्या ऑगस्टला तारखा लावल्या, आणि त्या बाईचा दावा आमच्या ऑफिसात कुणी खोडू शकलं नाही. दोघींचं नुकसान सारखंच होतं हो. मला आजही ती पहिली बाई आठवते.

तर मामांचं. खरं सांगतो, मामांना भरपाई मिळणं अवघड आहे. आंतरराष्ट्रीय पद्धतीत असं पुढच्या साखळीतलं नुकसान तपासताना चार गोष्टी बघतात: धंद्याची जागा तेल लागलेल्या भागाच्या किती जवळ आहे, धंदा त्या भागावर किती अवलंबून आहे, दुसरीकडून माल मिळत होता का, आणि तो धंदा त्या किनाऱ्याच्या अर्थव्यवस्थेचाच भाग आहे का. कराड पहिल्याच गोष्टीत लांब पडतं. हे निकष तेलवाहू टँकरच्या गळतीसाठीच्या निधीचे. साध्या मालवाहू जहाजाच्या इंधनाला तो निधी लागू नाही, तिथं मालकाचा विमा आणि त्या विम्याची कायद्यानं ठरलेली मर्यादा एवढंच, त्यावर दुसरा निधी नाही. मग मर्यादित पैशात आधी केरळचा मच्छीमार येणार आणि तसंच व्हायला पाहिजे. पण मामांचा माल थेट त्या किनाऱ्यावरून ठरलेल्या व्यापाऱ्याकडून येत असेल, त्याची बिलं असतील आणि तो माल बंद झाला असेल तर चित्र बदलतं, तेव्हा वकिलाला कागद दाखवल्याशिवाय आशा सोडू नका. मुदत साधारण नुकसान झाल्यापासून ३ वर्षांची असते.

"आपण साताऱ्या-सांगलीची माणसं, आपल्याला समुद्र नाही, आपण काय करणार" असं पण तुम्ही लिहिलंय. मॉरिशसचं ऐका मग. जुलै २०२० मध्ये तिथं वाकाशिओ नावाचं जहाज प्रवाळावर अडकलं आणि ऑगस्टमध्ये साधारण १,००० टन तेल सांडलं. तो उसाचा देश. सरकारी यंत्रणा हलेपर्यंत लोकांनी शेतातलं पाचट आणून कापडाच्या लांब पिशव्यांत भरलं, तरंगायला मध्ये प्लॅस्टिकच्या बाटल्या घातल्या, आणि लांबच लांब बांध तयार करून पाण्यात सोडले. जे पाचट आपण तोडणी झाली की पेटवून देतो तेच. लोकांनी डोक्याचे केस पण कापून दिले. केसांबद्दल मात्र सावध राहा, अमेरिकेत २०१० मध्ये सलूनवाल्यांनी पोत्यांनी केस पाठवले होते आणि ते शेवटी वापरले नाहीत, कारण तेलाबरोबर पाणी पण पितात आणि जड होऊन बुडतात. पाचटाला पण हीच अडचण येते, भिजलं की बाहेर काढायला लागतं, आणि तेलानं माखलेला तो सगळा ढीग कुठं टाकायचा हे आधी ठरवायला लागतं.

एन्नोरला, चेन्नईजवळ, जानेवारी २०१७ मध्ये दोन जहाजं धडकली तेव्हा पोरं बादल्या घेऊन तेल उपसत होती, कित्येकांच्या हातात ग्लोव्हज नाहीत, तोंडाला काही नाही. मन भरून येतं ते फोटो बघून, पण त्या वाफेनं डोकं दुखतं, उलट्या होतात, कातडीला पुरळ येतं. कोणी तुम्हाला उद्या किनारा साफ करायला बोलावलं तर आधी ग्लोव्हज, गमबूट आणि मास्क मागा, नसतील तर परत या.

आणि समुद्र नसला तरी नदी आहे की. आपली कृष्णा काय समुद्राला जात नाही होय, जाते, पण पूर्वेला, बंगालच्या उपसागराला. काही वर्षांमागं मार्चमध्ये एका सकाळी मला सांगलीजवळच्या हरिपूरहून फोन आला, मासे तरंगतायत, पाणी तांबडं झालंय. काठावर दोनेकशे माणूस जमलेलं, घोषणा चाललेल्या, कुणीतरी मेलेले मासे पोत्यात भरत होतं, ऑफिससमोर ओतायचे म्हणून. वास मळीचा, ज्यानं कारखान्याजवळ आयुष्य काढलंय त्याला विचारायची गरज नाही. मी विचारलं पाण्याचं सॅम्पल कुणी घेतलंय का. कुणीच नाही.

माझ्याकडं ३०० मिलीची काचेची बाटली आणि दोन रसायनं होती. बाटली पाण्यात तिरकी धरून हळू भरायची, बुडबुडा राहता कामा नये, मग मँगनीज सल्फेट, मग अल्कली आयोडाइड, बूच लावून उलटीपालटी करायची. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी गाळ बसतो, जितका जास्त तितका गडद. त्या दिवशी गाळ बसला तो दह्यासारखा पांढरा. म्हणजे ऑक्सिजन जवळजवळ शून्य. मी बाटली वर धरली, घोषणा देणारे दोघं-तिघं जवळ आले, त्यांना सांगितलं मासा गुदमरून मेलाय, ही बघा त्याची साक्ष. तिथंच तिघांच्या सह्या घेतल्या, वेळ लिहिली, मोबाइलवर जागेचं लोकेशन घेतलं. दुसऱ्या दिवशी वरून पाणी सोडलं आणि नदी स्वच्छ दिसायला लागली. संबंधित अधिकारी तिसऱ्या दिवशी सॅम्पल घ्यायला आले, त्यांचं पाणी अर्थातच चांगलं निघालं. आमच्याकडं ती एक बाटली आणि तिघांच्या सह्यांचा कागद नसता तर त्या दिवशी काही घडलंच नाही असं ठरलं असतं.

समुद्रात पण हेच, फक्त बाटलीत तेल घ्यायचं. काचेची, स्वच्छ, रुंद तोंडाची, प्लॅस्टिकची नको कारण प्लॅस्टिकमधले घटक तेलात उतरतात. बुचाखाली ॲल्युमिनियम फॉइल, लेबलवर तारीख-वेळ-जागा, पंचांसमोर सील, आणि बर्फाच्या डब्यात. प्रत्येक तेलाची रासायनिक ओळख वेगळी असते, लॅबमध्ये जहाजाच्या टाकीतलं तेल आणि किनाऱ्यावरचं तेल जुळवून बघता येतं. "आमचं नव्हेच" हे मालकाचं पहिलं वाक्य असतं, आणि आपल्या कोकणात पावसाळ्यात दरवर्षी डांबरगोळे वाहून येतातच, त्यामुळे जुळवणी नसेल तर त्याला सुटायला वाट मिळते.

राग कुठं न्यायचा असं विचारलंत तर माझ्या अनुभवात पहिले दहा दिवस सगळ्यात मोलाचे. त्या दिवसांत लांबच्या माणसांनी एवढा आवाज करावा की सॅम्पल घेतली का, पंचनामे कुठपर्यंत आले, जहाजात काय काय होतं त्याची पूर्ण यादी जाहीर करा, रिपोर्ट लोकांसमोर ठेवा. तटरक्षक दलाला, सरकारला, खासदाराला हेच विचारत राहावं. मासळीवाल्याला आणि पंपवाल्याला यातून सोडावं. एकटा माणूस पण पुरतो कधी कधी: २०११ मध्ये मुंबईजवळ कोळसा घेऊन एम. व्ही. राक जहाज बुडालं, एका नागरिकाच्या अर्जावर हरित लवादानं, म्हणजे पर्यावरणाच्या खटल्यांच्या कोर्टानं, २०१६ मध्ये जहाजाच्या बाजूवर १०० कोटींची पर्यावरण भरपाई लावली. लवादाचं पश्चिम खंडपीठ पुण्यात आहे, कराडहून सकाळच्या एसटीनं जाऊन संध्याकाळी परत येता येतं. प्रदूषणाच्या तक्रारीला तिथं मुदत ६ महिन्यांची, नुकसानभरपाईच्या अर्जाला ५ वर्षांची, दोन्ही लक्षात ठेवा, लोक मुदत संपल्यावर जागे होतात.

तुमच्या पोस्टबद्दल मन खाऊ नका. फक्त पुढच्या वेळी "मासळी खाऊ नका" असा मेसेज आला की पुढं पाठवायच्या आधी मामांना एक फोन करा, मासळी कुठल्या बंदराची आहे विचारा आणि तेच लिहून टाका, दुकानाच्या पाटीवर पण लावा.

आणि आजच एक काम करा. मामांना विचारा की २०२४ आणि २०२५ च्या मे, जून, जुलैची खरेदीची बिलं, बर्फाच्या पावत्या, यूपीआयचं स्टेटमेंट यातलं काय काय आहे. काहीच नसेल तर मामींना विचारा भिंतीवरचं जुनं कॅलेंडर टाकून दिलं का अजून मागं लटकतंय. असेल तर ती पानं उतरवू नका, आधी जागेवरच फोटो काढा, तारखा स्पष्ट दिसतील असे.